तू उठून गेल्यावरचा खेळ

गडमुडशिंगी
२ नोव्हेंबर २००३

ज्ञानू,

माझ्या हातानं झालेल्या वस्तू लिहितो. विहाराच्या दाराची लोखंडी जाळी. तिच्यातल्या चक्राला चोवीस आरे आहेत आणि एकही तिरका नाही. आईच्या खाटेचे वाढवलेले पाय. तुझ्या मीनावहिनीची पायानं चालणारी शिलाई मशीन, तिला बसवलेली मोटर. फाट्यावरचा उसाच्या रसाचा चरक, ज्याचा आवाज दुसऱ्या कुठल्याही चरकापेक्षा कमी आहे. तुझ्या लग्नातलं स्टेज, ज्यावर फोटोसाठी तुझी अख्खी सासुरवाडी एकदम चढली आणि ते हललं नाही. आणि फुटबॉलच्या बुटांचे तीन जोड, मुलीच्या पायाचे, नंबर तीन.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. वस्तू उघडायची, कुठला भाग कशासाठी आहे ते समजून घ्यायचं, आणि परत बसवताना आधीपेक्षा बरी बसवायची, एवढंच मी करत आलो.

हे लिहायचं कारण तुला माहीत आहे. धम्मचक्र दिनाला विहाराच्या दारात, त्याच जाळीला हात टेकून, तू मला चारचौघांत म्हणालास, "सातवी शिकलेला माणूस माझ्या पोरीचं ठरवणार? तुला येतंय काय?" तिथं मी बोललो नाही. फोन केला तर तू ठेवून देतोस. म्हणून कागदावर उत्तर.

सोनमला तू आठवीत आजऱ्याहून आईच्या सोबतीला आमच्याकडे ठेवलंस. ती आईचं सगळं करते, अभ्यास करते, यात तुझीही तक्रार नाही. तक्रार फुटबॉलची. तो तिला मी लावला नाही. तिच्या शाळेत खेळाच्या नव्या बाई आल्या, त्यांनी मुलींचा संघ काढला. सोनम पहिले काही महिने अनवाणी खेळली. एक दिवस अंगठ्याचं नख उपटून घरी आली आणि आईला म्हणाली, "दाराला लागलं, आजी." दाराला लागलेलं नख असं उपटत नाही, हे मला बघताक्षणी कळलं. मी फक्त विचारलं, "दारात गवत कधी उगवलं गं?" कारण जखमेत गवत होतं.

मग मी शाहूपुरीत गेलो. खेळाच्या सामानाची तिथली सगळी दुकानं पालथी घातली. सहा नंबरच्या खाली फुटबॉलचा बूट कुणाकडं नाही. एक दुकानदार म्हणाला, "पावणं, सहाचा न्या आनि पुढं कापूस कोंबा. पोरीस्नी काय वर्ल्डकप खेळायचा हाय?" मी त्याच्याकडून सहाचा एक जोड घेतला. त्याला वाटलं मी कापूस कोंबणार. मी घरी येऊन तो कातडं कापायच्या रापीनं उभा कापला आणि आतून कसा आहे ते बघितलं.

सोनमच्या पायाचा लाकडी फर्मा मी आंब्याच्या फळीतून कोरला. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा रुंद आहे, तुझाही तसाच आहे, म्हणून दोन पायांचे दोन वेगळे फर्मे. कातडं सुभाषनगरातून. तळाचे खुंट, म्हणजे स्टड, आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर नायलॉनच्या कांडीतून काढले, मालकाला विचारून. पहिला जोड जड झाला. दुसरा चावला. तिसरा घालून ती अंगणात चालली आणि म्हणाली, "आबा, पायात काय हाय का न्हाय तेच कळंना."

मला आजवर मिळालेल्या शाबासकीत ही सगळ्यात वरची.

तुला हे आधी सांगायला हवं होतं, असं मीना म्हणते. तिचं तिच्यापाशी. तू एकदा येऊन बघ, मग भांड.

दादा

•

गडमुडशिंगी
१४ डिसेंबर २००३

ज्ञानू,

तुझं कार्ड मिळालं. "फुटबॉल आजपासून बंद. दहावी झाली की सोनम आजऱ्याला. पोरीचा बाप मी हाय." तीन वाक्यं, तिन्ही बरोबर जागी लागली.

कार्ड मी लपवलं नाही. सोनमला वाचायला दिलं. तिनं वाचलं, परत दिलं आणि आईच्या पायाला तेल चोळत बसली. मला राहवेना. म्हटलं, "काय तरी बोल की."

ती म्हणाली, "पप्पांनी मला खेळताना बघितलंय का, आबा?"

"न्हाय."

"मग एकदा बघूंदे. बघून नको म्हणाले, तर सोडतो मी. परत नाव काढणार न्हाय."

मी म्हणालो, असं एकदम वचन देऊ नये. ती म्हणाली, "वचन पप्पास्नी दिलंय, तुमास्नी न्हाय. तुमी मधी बोलायचं न्हाय." तिचं बोलणं कुणावर गेलंय ते मी लिहीत नाही, तुझ्याकडं आरसा असेलच.

तर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं तुला कळवतो. अकरा जानेवारीला, रविवारी, जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेची फायनल आहे. सोनम पुढच्या फळीत, उजव्या बाजूला खेळते. संघाची कॅप्टन अनुजा म्हणजे आपल्या आकाराम पाटलाची पोरगी, ती गोली. आकाराम म्हशी सोडून कधी गावाबाहेर पडला नव्हता, तोसुद्धा आता प्रत्येक मॅचला दुधाच्या किटल्यांसकट येतो. तू ये. बस स्टँडवर घ्यायला येतो. नको असेल तर येत नाही, पण तू ये.

तोवर तिचा सराव मी चालू ठेवला आहे. तुझं "आजपासून" तेवढं मी मोडलं, ते माझ्या खात्यावर धर. पोरीवर राग काढू नकोस.

दादा

•

गडमुडशिंगी
१२ जानेवारी २००४

ज्ञानू,

काल तू आला होतास.

मला हे संध्याकाळी कळलं. आकाराम म्हणाला, "तुमचा भाऊ आल्ता की. पाक शेवटच्या पायरीवर, टोपी घालून. मध्यांतराला उठला आनि गेला. मी हाक मारली, वळून बघितलं न्हाय." आकाराम हे सोनमसमोर बोलला. तिनं ऐकलं. म्हणाली, "मग पप्पांनी बघितलं." आणि घरी येऊन बूट धुऊन, फडक्यात बांधून, फळीवर ठेवून दिले.

तू काय बघून गेलास हे मला ठाऊक आहे. पहिल्या अर्ध्यात, शेवटाकडं, सोनम बॉल घेऊन निघाली, लाथ मारायला पाय उचलला आणि उजव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. बॉल भलतीकडं गेला, ती पडली. समोरच्या शाळेची पोरं ओरडली, "बुटानं तोंड उघडलं, भूक लागली वाटतं." लोक हसले. तू हे बघितलंस. तुला वाटलं असेल, दादानं माझ्या पोरीला घरात केलेले फाटके बूट घालून चारचौघांत हसू करायला उभं केलं. तुझ्या जागी मी असतो तर मीही उठलो असतो, एवढं कबूल करतो.

पण तो बूट का सुटला ते ऐक. माझं काम कच्चं होतं म्हणून नाही.

तिसरा जोड हलका करायचा म्हणून मी तळाला पूर्ण शिवण घातली नव्हती. पुढं टाके, मागं फक्त सोल्युशननं चिकटवलेला. तो जोड सोनमनं सगळा हंगाम वापरला, काही झालं नाही. काल मॅच संपल्यावर मी बूट हातात घेतला आणि तळाची आतली बाजू अंगठ्यानं दाबली. बुळबुळीत. नाकाजवळ नेला. एरंडेल.

आता आपल्या घरात एरंडेल कोण वापरतं, सांग.

आदल्या दिवशी संध्याकाळी आईनं बूट बघितले. कडक पायताण करकरतं, त्याला तेल पाजायचं, हे तिनं जन्मभर केलं. आपल्या बाबांचं केलं, तुझं-माझं केलं. नातीची उद्या मोठी मॅच, बूट तिला कडक वाटले. तिनं आत-बाहेर तेल पाजून चुलीच्या उबेला ठेवले. चपलेला तेल पाजलं तर चप्पल सुधारते. सोल्युशनला तेल लागलं तर ते खरजेच्या खपलीसारखं सुटून येतं. हे आईला कोण सांगणार? तिनं आयुष्यात चिकटवलेला तळ बघितलेला नाही.

मी सोनमला बाजूला घेऊन विचारलं, "तुला सकाळी वास आला न्हाय?"

"आल्ता."

"मग?"

"मग काय? आजी दारात बसलीती. म्हणाली, मऊ झालं न्हवं गं? मी म्हणालो, लोण्यागत."

"अगं, मला सांगायचं. मी दुसरं काय तरी केलं असतं."

"तुमी केलं असतं, आनि आजीला बोलला पन असता. आठवडाभर." मग म्हणाली, "मला वाटलं, हाफटाइमपर्यंत तरी टिकंल. टिकला की, जरा कमी."

ज्ञानू, पंधरा वर्षांची पोर. आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच, बाप येईल की नाही माहीत नाही, पायात सुटणारा बूट, आणि ही म्हणते लोण्यागत. मी माझ्या कामावर एक शब्द ऐकून घेत नाही, सगळ्या मुडशिंगीला माहीत आहे. काल लोकांनी माझा बूट हसण्यावारी नेला आणि ती गप्प राहिली. आणि मला तिचा राग यायच्या ऐवजी असं वाटलं की माझ्या हातून आजवर झालेल्या वस्तू तिच्यापुढं काहीच नाहीत. तिला मी केलेलं नाही, हेही मला कळतं. ती तुझी आहे. म्हणून तुला लिहितो.

आता तू उठून गेल्यावर काय झालं ते.

मध्यांतराला स्कोअर एक-एक. पंच म्हणाले, बूट बदला नाहीतर बाहेर बसा. बाकावरच्या मुलींचे बूट सहा-सात नंबरचे, कापूस कोंबलेले. त्यातला एक घालून सोनम दोन पावलं पळाली आणि बूट मागं राहिला, पाय पुढं गेला. मुली रडायच्या बेतात. खेळाच्या बाई बदली खेळाडूला जर्सी अंगात घाल म्हणत होत्या. मी कुंपणाशी उभा होतो. माझ्या खिशात चिकटपट्टी, सुतळी आणि आरी होती, ती नेहमी असते. पंच मला आत येऊ देईनात.

तेव्हा सोनम अनुजाला म्हणाली, "अनुजा, तुज्या हातातलं मोजं काढ. मी गोलात उभारतो."

अनुजा म्हणाली, "आनि मी?"

"तू पुढं. तुज्या पायात चांगलं बूट हायत."

"मी कधी गोल मारलाय?"

"मी तरी कधी अडवलाय?"

गोली आणि खेळाडूनं जागा बदलायची, पंचांना सांगितलं तर चालतं. हा नियम मला माहीत नव्हता. बाईंना माहीत होता पण सुचला नव्हता. मी कुंपणावरून टाकलेली पट्टी सोनमनं बुटाला टाचेवरून गुंडाळून घेतली, पंचांनी हात लावून बघितली, म्हणाले, गोलात चालेल. गोलीला पळावं लागत नाही. म्हणजे तसं सगळे म्हणतात.

मुलीच्या खेळात मला काय कळतं, असं तू म्हणशील. मी यंत्र बघणारा माणूस. चांगलं यंत्र कसं ओळखायचं? त्यात वायफळ हालचाल नसते. काल मी ती बघितली. पहिला बॉल आला तेव्हा तिनं घाबरून दोन्ही हातांनी थापट मारली. दुसरा एका हातानं बाहेर ढकलला. तिसऱ्यापासून ती हाताकडं बघायचीच थांबली. समोरच्या पोरीच्या कमरेकडं बघायची. पुढच्या फळीत खेळणारी पोर ती, लाथ मारणारी कुठं मारणार हे तिला लाथेच्या आधी कळत होतं. कारण तिनं स्वतः तिथंच मारला असता. जी पोरं बुटाला हसली होती, ती शेवटाला "अडिवला, परत अडिवला" म्हणून ओरडत होती. आकारामानं किटलीचं झाकण एवढं बडवलं की त्याला पोचा पडला. तो मी काढून देणार आहे.

सामना बरोबरीत सुटला. टायब्रेकर, म्हणजे पाच-पाच पेनल्टी. सोनमनं दोन अडवल्या. पट्टी सुटत आली होती, तळ परत लोंबत होता. आपल्या बाजूनं चार झाल्या, शेवटची राहिली. बाई म्हणाल्या, तू नको, पाय मुरगळेल. ती म्हणाली, "डाव्यानं मारतो." डाव्यानं तिनं कधी सरावातसुद्धा मारलेला मी बघितलेला नाही. तिनं शांतपणे बॉल ठेवला, मागं गेली आणि कोपऱ्यात घातला.

तरी आपण हरलो. कारण आपल्या चारांतल्या तीन आधीच बाहेर गेल्या होत्या, त्यातली एक अनुजाची, आणि सोनमनंतरची त्यांची शेवटची आत गेली. जिंकलेल्या पोरी नाचायला लागल्या. अनुजा तिथंच गुडघ्यात डोकं घालून बसली. सोनम तिच्याजवळ गेली, गोलीचे मोजे काढले आणि तिच्या डोक्यावर टोपीसारखे ठेवले. म्हणाली, "ठेव तुजं. लई वास मारत्यात." अनुजा रडता रडता हसायला लागली.

हे तू बघितलेलं नाहीस.

तिचं वचन होतं, पप्पांनी बघून नको म्हटलं तर सोडतो. तू अर्धंच बघितलंस, ज्ञानू. बूट सुटेपर्यंतचं. त्यावर तू नको म्हणालास तर ते मान्य करायला ती तयार आहे, तशी ती आहेच. मी तयार नाही. उरलेलं अर्धं मी लिहून पाठवलं आहे, त्यात एक शब्द वाढवलेला नाही. आता सगळं बघितलंस असं समज, आणि मग काय ते सांग.

आईला तेलाचं काही बोलू नकोस. तिला वाटतंय बूट मऊ झाले म्हणून पोरगी एवढं खेळली. काल तिनं शेजारच्या धोंडुबाईला तसं सांगितलंसुद्धा.

दादा

•

गडमुडशिंगी
३० जानेवारी २००४

ज्ञानू,

तुझं कार्ड काल आलं. "सोनमला शनिवारी पाठव. तिच्या तोंडून ऐकतो." मी ते दोन वेळा वाचलं, मीनानं एकदा, आईला वाचून दाखवलं. आईनं लगेच लाडू बांधायला घेतले.

हे पत्र सोनमच्याच हाती देतो आहे. मी सोबत येत नाही. आलो असतो तर मीच बोललो असतो, ती नाही. गडहिंग्लजच्या पुढं तिला गाडी लागते, खिडकीजवळ बसवून देतो. पिशवीत आईचे लाडू आहेत, तुझ्यासाठी मीनानं शिवलेला सदरा आहे, आणि नव्या बुटांचा जोड. त्याला सगळीकडं शिवण आहे, थोडा जड झाला आहे. बूट तिनं मागितले नव्हते. मी घातले. काढून ठेवायचे असतील तर तुझ्या हातानं काढून ठेव.

तिला प्रश्न विचार आणि गप्प बस. तिला बोलायला वेळ लागतो. आधी म्हणेल "काय न्हाय", तिथं उठू नकोस. त्याच्यानंतर येतं ते खरं असतं.

एक गोष्ट तुला बाहेरून कळायच्या आधी माझ्याकडून कळावी.

परवा घरी दोन माणसं आली होती, चांगल्या गाडीतून. फायनल बघितली होती म्हणाले. ते मुलींचा मोठा संघ उभा करताहेत. सोनमला तीन वर्षं त्यांच्याकडून खेळवायचं. कोल्हापुरात राहायची सोय, कॉलेजची फी, कंपनीचे बूट. मी सगळं नीट ऐकून घेतलं, वाकडं काही दिसलं नाही. माणसं खेळातली होती, उजव्या-डाव्याचं बरोबर बोलत होती. शेवटी त्यांनी कागद काढला. पालकाची सही आजच पाहिजे, म्हणाले, उद्यापासून नोंदणी बंद होते.

मी म्हणालो, "पोरीचा बाप आजऱ्यात असतो. त्याला विचारायला पाहिजे."

त्यातला वयस्कर होता तो म्हणाला, "पोरगी तुमच्याकडं ऱ्हाती, तुमीच बघताय. बापाला इचारलं आनि नको म्हणाला तर? पालक म्हणून तुमी सही करा, आमी बाप कोन हे इचारत न्हाय."

सोनम चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवले आणि माझ्याकडं बघितलं. तिला काय पाहिजे होतं, ते मला तिच्या बघण्यातून कळलं. ते मी इथं लिहीत नाही. ती शनिवारी समोर असेल, तू तिलाच विचार.

त्या माणसाला वाटलं मी अडून बसलोय. त्यानं पाकीट काढलं, आतल्या नोटा मोजून दाखवल्या आणि ते चहाच्या कपांशेजारी ठेवलं. म्हणाला, हे तुमचे, पोरीच्या हिशेबात धरायचे नाहीत.

मी पेन त्याला परत दिलं आणि सांगितलं की माझी सही इथं चालत नाही, बापाची लागते, आणि ती आणून देतो असंही मी म्हणत नाही. ते पाकीट उचलून गेले. त्यात पंधरा हजार रुपये होते, रोख.

दादा